गिब्सन ईएस-१७५: जुनी गिटार पारखून घेताना

मिशिगन राज्यातल्या कॅलमझू इथल्या कारखान्यातून गिब्सनने १९४९ साली ईएस-१७५ ही इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली, तेव्हा तिची किंमत १७५ डॉलर होती. नावातला आकडा तिथलाच. सव्वासोळा इंच रुंदीची पोकळ बॉडी, फुगीर टॉप (पुढची फळी), त्यात दोन एफ-होल (इंग्रजी f च्या आकाराची भोकं) आणि वरच्या फ्रेटपर्यंत (सुरांच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपर्यंत) हात पोचावा म्हणून दिलेला टोकदार कटअवे, म्हणजे बॉडीचा एका बाजूचा कापलेला खांदा. हर्ब एलिस, जिम हॉल, जो पास, पॅट मेथेनी ही जॅझमधली माणसं वर्षानुवर्षं हीच गिटार वाजवत राहिली. ‘येस’ बँडच्या स्टीव्ह हाउने ती रॉकमध्ये नेली.

नव्याने जमवू लागणाऱ्याने सगळ्यात आधी तिचं लाकूड समजून घ्यावं. गिब्सनच्याच एल-५ सारख्या महागड्या गिटारचा टॉप स्प्रूसच्या जाड फळीतून कोरून काढलेला असतो. १७५ चा टॉप, बॅक आणि कडा मात्र मेपलच्या पातळ थरांच्या आहेत, साच्यात दाबून घडवलेल्या. त्यामुळे ती तुलनेने स्वस्त पडली आणि दणकट निघाली. रोज रात्री क्लबात वाजवून पोट भरणाऱ्यांनी ती घेतली आणि सोयीप्रमाणे बदललीही: कुणी पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बदलला, कुणी तारा ताणायच्या चाव्या, कुणी दुसऱ्या पिकअपसाठी भोक पाडलं. जिम हॉलच्या स्वतःच्या गिटारमध्येही मूळ पी-९० हा एका कॉइलचा पिकअप काढून नंतर हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, बसवलेला होता. तेव्हा समोर आलेल्या १७५ मध्ये काही ना काही बदललेलं असणारच, असं धरूनच तपासणीला बसा.

आधी काळ ठरवा

१९४९ ते १९५७ या काळातल्या गिटारवर पी-९० पिकअप असतो, दोन्ही बाजूंना स्क्रूचे कान असलेल्या कव्हरचा. सुरुवातीला नेकजवळ (गिटारच्या मानेजवळ) एकच पिकअप आणि दोन नॉब. दोन पिकअपची ईएस-१७५डी कॅटलॉगमध्ये आली १९५३ साली. तिला चार नॉब आणि कटअवेच्या विरुद्ध बाजूच्या खांद्यावर तीन खटक्यांचा स्विच. १९५७ मध्ये पी-९० ची जागा हंबकरने घेतली. हेच ते तळावर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असं लिहिलेले काळ्या स्टिकरचे पिकअप. संग्राहक त्यांना पीएएफ म्हणतात. १९६२ च्या सुमारास त्या स्टिकरच्या जागी पेटंट क्रमांकाचं स्टिकर आलं.

बाजारात सर्वांत महाग आहेत त्या १९५७ ते १९६२ मधल्या दोन पीएएफच्या गिटारी, त्यातही नैसर्गिक रंगाच्या, कारण सनबर्स्टच्या (मध्ये फिकट, कडेला गडद रंगाच्या) मानाने त्या कमीच बनल्या. सगळ्यात जास्त लुटल्या गेल्या त्याही ह्याच. याच पिकअपच्या, गिब्सनच्याच लेस पॉल गिटारचे शौकीन केवळ पिकअपसाठी १७५ विकत घेत आणि रिकाम्या खोबणीत भलतंच काहीतरी बसवून ती पुढे विकत. वाजवण्यासाठी घेत असाल आणि खिसा मर्यादित असेल, तर पन्नासच्या दशकातली एका पी-९० ची गिटार पाहा. आमच्या मते या मॉडेलमधला सगळ्यात शहाणा सौदा तोच.

१९६५ च्या सुमारास नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) अरुंद झाला: १ ११/१६ इंचावरून (सुमारे ४३ मिमी) १ ९/१६ इंचावर (सुमारे ४० मिमी). हेडस्टॉकचा (चाव्या बसवलेल्या शेंड्याचा) मागे झुकणारा कोनही त्याच सुमारास १७ अंशांवरून १४ वर आला. अरुंद नटच्या गिटारी स्वस्त मिळतात; मात्र बोटं जाड असतील तर कॉर्ड धरताना शेजारची तार दबते. हातात घेऊन पाहिल्याशिवाय यातली गिटार घेऊ नका. सत्तरच्या दशकात नटमागे नेकवर लाकडाचा उंचवटा आला, नेक तीन पट्ट्या जोडून बनू लागली आणि हेडस्टॉकमागे ‘मेड इन यूएसए’ असा ठसा उमटू लागला. संग्राहक या गिटारींकडे नाक मुरडतात. वाजवणाऱ्याने मुरडायचं कारण नाही.

सत्तरच्या दशकात इबानेझने २३५५ या क्रमांकाने १७५ ची हुबेहूब नक्कल काढली होती. ती स्वतः चांगली गिटार आहे, पण हेडस्टॉकवरचं नाव बदलून खपवली जाऊ शकते. एपिफोनने पुढे काढलेल्या ईएस-१७५ चंही तसंच. अशा वेळी पुढची तपासणी उपयोगी पडते.

वय ठरवताना एकाच पुराव्यावर विसंबू नका

सोबत हे असू द्या: दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा छोटा आरसा, बारीक टॉर्च, यूव्ही टॉर्च, मल्टिमीटर, स्टीलची लांब सरळ पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या). फोनला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा मिळाला तर उत्तम. एफ-होलमधून तो सहज आत जातो.

पहिला पुरावा लेबलचा. जाड तारांच्या बाजूच्या एफ-होलमधून आत लंबगोल लेबल दिसतं. १९५५ च्या सुरुवातीपर्यंत ते पांढरं होतं, नंतर नारिंगी. १९६१ पर्यंत लेबलवर ‘ए’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. वर्षाचा शेवटचा क्रमांक साधारण असा: १९४९ ला ए-४४१३, १९५१ ला ए-९४१९, १९५३ ला ए-१६१०१, १९५५ ला ए-२१९०९, १९५७ ला ए-२६८१९, १९५९ ला ए-३२२८४. ही मालिका १९६१ मध्ये ए-३६१४७ ला संपली.

लेबल निघू शकतं, दुसरीकडून आणून चिकटवताही येतं. म्हणून दुसरा पुरावा पाहा: बॅकच्या आतल्या बाजूला शाईने उमटवलेला कारखान्याचा ऑर्डर क्रमांक. १९५२ ते १९६१ मध्ये त्याच्या सुरुवातीचं अक्षर वर्ष सांगतं आणि अक्षरं उलटी चालतात: १९५२ ला झेड, १९५३ ला वाय, १९५४ ला एक्स, १९५५ ला डब्ल्यू, १९५६ ला व्ही, १९५७ ला यू, १९५८ ला टी, १९५९ ला एस, १९६० ला आर, १९६१ ला क्यू. हा क्रमांक काम चालू असतानाच पडायचा, तर लेबल गिटार तयार झाल्यावर. त्यामुळे ऑर्डर क्रमांक १९५६ चा आणि लेबल १९५७ चं, असं चालतं. उलटं मात्र संशयास्पद.

१९६१ पासून क्रमांक हेडस्टॉकच्या मागे ठोकलेला असतो. साठच्या दशकात तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले गेले. एकाच क्रमांकाची एक गिटार १९६४ ची आणि दुसरी १९६७ ची निघू शकते. तेव्हा नुसता क्रमांक देऊन ‘१९६४ ची’ म्हणणाऱ्याला नटची रुंदी आणि नॉबचा फोटो मागा. १९७५ ते १९७७ मध्ये क्रमांकाचे पहिले दोन आकडे अनुक्रमे ९९, ००, ०६. १९७७ नंतर आठ आकडे: पहिला आणि पाचवा मिळून वर्ष, मधले तीन आकडे वर्षातला कितवा दिवस ते सांगतात.

तिसरा पुरावा पॉटवरचा, म्हणजे नॉबखालच्या, आवाज आणि टोन कमी-जास्त करणाऱ्या भागावरचा. आरसा आणि टॉर्चने पॉटच्या पाठीवरचा क्रमांक वाचा. सुरुवातीचे आकडे बनवणारी कंपनी सांगतात: १३४ म्हणजे सेंट्रालॅब, १३७ म्हणजे सीटीएस. १३७६४२२ याचा अर्थ सीटीएसचा पॉट, १९६४ सालचा २२ वा आठवडा. पन्नासच्या दशकातल्या काही पॉटवर वर्षाचा एकच आकडा असतो. हा क्रमांक गिटार कधीनंतर बनली एवढंच सांगतो. १९६६ चे पॉट गिब्सनने पुढची काही वर्षं वापरले, त्यामुळे १९६८ च्या गिटारमध्ये १९६६ चा पॉट दिसला तर घाबरू नका. १९५९ म्हणून विकल्या जाणाऱ्या गिटारमध्ये १९६४ चा पॉट दिसला, तर तो पॉट नंतर बदललेला आहे, किंवा गिटारच १९५९ ची नाही.

बाकीचे बारकावे झटपट पाहता येतात. नॉब: १९५५ पर्यंत सरळ पिंपासारखे, १९५५ ते १९६० टोपीसारखे, १९६० पासून वर चकचकीत धातूची चकती असलेले, १९६७ पासून काळे उंच टोपीचे. चाव्या क्लुसन कंपनीच्या, डिलक्स प्रकारच्या: पाठीवर काही लिहिलेलं नसेल तर साधारण १९५६ पूर्वीच्या, नाव एका ओळीत असेल तर त्यानंतरच्या, दोन ओळींत असेल तर साठच्या दशकाच्या मध्यानंतरच्या. या चाव्यांची प्लॅस्टिकची बटणं आक्रसतात आणि शेवटी भुगा होतात, म्हणून चाव्या बदललेल्या आढळणं अगदी नेहमीचं. हेडस्टॉकच्या मागे जादा स्क्रूची भोकं नसतील, तर हा दोष किरकोळ. टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायचा भाग) सुरुवातीला साध्या ट्रॅपीझचा, म्हणजे समलंब चौकोनी आकाराचा, पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मधे टी-आकाराची पट्टी आणि बाजूंना नागमोडी नळ्या असलेला. ब्रिज (टॉपवर तारा टेकतात तो भाग) मूळचा लाकडीच. धातूचा ट्यून-ओ-मॅटिक कारखान्यातून बसवून येऊ लागला तो सत्तरच्या दशकात.

लाकूड आणि रंग

नेकपासून सुरुवात करा. महोगनीची नेक, मागे झुकलेला हेडस्टॉक आणि बरोबर नटमागे ट्रस रॉडच्या (नेकच्या आतल्या, तिचा वाक आवरणाऱ्या सळईच्या) नटसाठी पोखरलेली जागा, असे तिन्ही कमकुवतपणे एकाच ठिकाणी येतात. केससकट गिटार पाठीवर पडली तरी तिथे चीर जाते. टॉर्च तिरका धरून नटच्या मागची बाजू पाहा. बारीक केसासारखी रेघ, रंगात किंचित फरक किंवा नखाला लागणारी कड दिसली तर दुरुस्ती झालेली आहे. नीट चिकटवलेला हेडस्टॉक वाजवायला काही अडचण देत नाही, पण संग्राहकांच्या बाजारात किंमत साधारण निम्म्यावर येते. पुन्हा रंगवलेल्या गिटारचीही तीच गत. तुम्हाला फक्त वाजवायची असेल तर असा सौदा मुद्दाम शोधा.

नेक बॉडीला चौदाव्या फ्रेटपाशी, डोव्हटेल सांध्यात सरेस लावून जोडलेली असते. वर्षानुवर्षं तारांच्या ओढीने सांधा पुढे झुकतो. तपासायचं असं: पहिला आणि चौदावा फ्रेट दाबून सातव्या फ्रेटवर तारेखालची फट फीलर गेजने मोजा. ०.२ ते ०.२५ मिमी असेल तर ठीक. जास्त असेल तर ट्रस रॉड थोडा आवळून ती कमी होते का ते पाहा. त्या रॉडचा नट ५/१६ इंचाचा. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका, आणि फिरतच नसेल तर जोर लावू नका. फट बरोबर करूनही बाराव्या फ्रेटवर तारा २.५ मिमीच्या वर राहत असतील आणि ब्रिजच्या चकत्या तळाला टेकल्या असतील, तर नेक उखडून पुन्हा बसवावी लागेल. ते काम अनुभवी कारागिराचं आणि महागाचं. सौद्यात तेवढी रक्कम वजा करा.

प्लाय असल्यामुळे टॉप कोरलेल्या गिटारसारखा सहसा चिरत नाही, पण ब्रिजखाली खचू शकतो. स्टीलची पट्टी टॉपवर आडवी धरून फुगवटा दोन्ही बाजूंना सारखा उतरतो का ते पाहा. मग आतल्या आधारपट्ट्या सुटल्यात का हे बोटाच्या पेराने टॉपवर हलकेच टकटक करून ऐका. सुटलेली पट्टी फुटकं, खरखरतं वाजते आणि ठरावीक सुरांवर गुणगुणते. एफ-होलच्या कडा आणि जॅकच्या (केबल जोडायच्या भोकाच्या) भोवतालची कड नीट पाहा. जॅक कडेवर, पातळ प्लायमध्ये बसवलेला असतो. केबलवर पाय पडला की तिथलं लाकूड फाटतं.

रंगाची परीक्षा अंधारात यूव्ही टॉर्चने करा. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळसर झाक मारतं. नवा फवारा किंवा टचअप त्यावर वेगळ्या गडद ठिपक्यांसारखा उठून दिसतो. दुसऱ्या पिकअपसाठी नंतर पाडलेली आणि मग बुजवलेली भोकं, स्विचची जागा, पी-९० च्या कानांच्या स्क्रूची बुजवलेली भोकं यांवर प्रकाश जरा जास्त वेळ टाका. हंबकर असलेल्या गिटारवर अशी कानांची भोकं सापडली, तर ती मूळची पी-९० ची आहे. लॅकरवरचे बारीक तडे मात्र वयाच्या खुणा. त्या असणं चांगलंच.

पिकअप आणि वायरिंग

केबल जोडा. मल्टिमीटर रोध मोजण्यावर लावून त्याची एक तार केबलच्या प्लगच्या टोकाला, दुसरी प्लगच्या बाहीला (टोकामागच्या धातूच्या नळीला) धरा. व्हॉल्यूम पूर्ण उघडा, स्विच एका पिकअपवर. धड असलेला पी-९० किंवा पीएएफ सुमारे ८ किलोओहम दाखवतो. पीएएफची तार गुंडाळणारं यंत्र हाताने थांबवलं जाई, त्यामुळे ७ ते ९ पर्यंत फरक चालतो. ५०० किलोओहमचा पॉट समांतर जोडलेला असल्याने आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी येतो. ८ च्या जागी ७.९ दिसलं तर ते बरोबरच आहे. स्विच मध्ये ठेवला आणि चारही नॉब उघडे असले की साधारण ४ दिसायला हवं. एकटा हंबकर ४ च्या आसपास दाखवत असेल तर त्याची एक कॉइल कामातून गेली आहे. सुमारे ५०० दिसलं तर पिकअपची तार तुटलेली आहे आणि तुम्ही फक्त पॉट मोजताय.

हंबकरचा तळ पाहायचा असेल तर तारा सैल करा, ब्रिज जागच्या जागी राहील याची काळजी घ्या, टेलपीसखाली मऊ कापड घाला, पिकअपच्या चौकटीचे चार कोपऱ्यांतले स्क्रू काढा आणि पिकअप उचलून उलटा करा. सोल्डर काढायची गरज नाही, काढूही नका. कधीही न उघडलेला सोल्डर हाच मूळ वायरिंगचा सगळ्यात मोठा पुरावा आहे. स्टिकरची नक्कल सर्रास मिळते, म्हणून स्टिकरपेक्षा सोल्डर, जाळीदार वेटोळ्याची वायर आणि तळाच्या पत्र्यावरचं गंजणं यांवर जास्त भरवसा ठेवा. गंमत म्हणजे नंतरच्या स्टिकरवर छापलेला २,७३७,८४२ हा पेटंट क्रमांक पिकअपचा नाहीच. तो गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसचा आहे. गिब्सनचे अभियंते सेथ लव्हर यांच्या हंबकरचं पेटंट २,८९६,४९१ आहे, १९५९ मध्ये मिळालेलं. तेव्हा ‘चुकीचा’ क्रमांक पाहून पिकअप नकली ठरवू नका.

पॉट एफ-होलमधून बाहेर ओढून पाहण्याचा मोह टाळा. आत गेलेला पॉट परत भोकात आणायला दोरा-नळीची कसरत करावी लागते आणि जुन्या वायरचं कापडी आवरण त्यात फाटतं. खरखर असेल तर पॉटच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच फवारा मारून नॉब वीसेक वेळा फिरवा. लॅकरवर उडू नये म्हणून भोवती कापड धरा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत नसेल, तर टेलपीस आणि जॅकच्या बाहीमधला रोध मोजा. तो शून्याजवळ नसेल तर टेलपीसपर्यंत जाणारी अर्थिंगची तार सुटलेली आहे. पी-९० एका कॉइलचा असल्याने थोडी गुणगुण करणारच. तो दोष नव्हे.

परदेशातून आणताना

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक गिटारींचा फिंगरबोर्ड (नेकवरची, फ्रेट बसवलेली पट्टी) ब्राझिलियन रोजवूडचा आहे. हे लाकूड १९९२ पासून साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. २०१९ मध्ये तयार वाद्यांना मिळालेली सूट याला लागू नाही. अमेरिकेतून पाठवताना गिटार १९९२ च्या आधीची असल्याचं प्रमाणपत्र तिथल्या फिश अँड वाइल्डलाइफ खात्याकडून घ्यावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. विक्रेता ‘काही लागत नाही, नुसतं रोजवूड लिहू’ म्हणाला तर दुसरा विक्रेता शोधा. नंतरच्या गिटारींत बहुधा आपल्या सह्याद्रीतही होतो तो शिसव असतो. तो परिशिष्ट २ मध्ये आहे आणि तयार वाद्याला ती सूट मिळते. पैसे पाठवण्याआधी भारताच्या बाजूची कागदपत्रं आणि शुल्क कस्टम्स एजंटकडून लेखी घ्या.

पार्सल आलं की केस लगेच उघडू नका. विमानाच्या गार पोटातून आलेलं लॅकर अचानक गरम-दमट हवेत आलं की तडकतं. २४ तास केस बंदच ठेवून खोलीत राहू द्या.

तारा आणि ब्रिज

बहुतेक नवखे इथे फसतात. जुना लाकडी ब्रिज तिसरी, म्हणजे ‘जी’ (G) सुराची तार, वर बारीक तार गुंडाळलेली आहे असं धरून कापलेला आहे. १० चा (पहिली तार ०.०१० इंच जाडीची) हलका संच चढवला की त्यातली न गुंडाळलेली ‘जी’ तार वर वर चढी बोलते आणि ब्रिजवर दाब कमी पडून तो खडखडतो. मग दोष गिटारला दिला जातो. गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचा १२ चा संच लावा, शक्यतो फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या तारांचा).

ब्रिज चिकटवलेला नसतो, तारांच्या दाबानेच बसतो. म्हणून तारा एकेक करून बदला. सगळ्या काढल्याच आणि ब्रिज हलला, तर नटपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि तेवढंच पुढे घेऊन ब्रिज ठेवा. मग पहिल्या तारेपाशी दोन-तीन मिमी मागे सरकवा, सहाव्या तारेपाशी आणखी थोडा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून निघणारा सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळेपर्यंत किंचित-किंचित हलवा. जागेची खूण करायला चिकटपट्टी वापरू नका. जुनं लॅकर तिच्याबरोबर निघून येतं. ब्रिजचा पाया टॉपला पूर्ण टेकतो का ते कागदाची पट्टी आत सरकवून पाहा. ती जिथे शिरते तिथे सूर मरतो. बाराव्या फ्रेटवर सहावी तार २ मिमी आणि पहिली १.५ मिमी उंच ठेवून सुरुवात करा.

मोठ्या आवाजात पोकळ बॉडी फीडबॅक देते, म्हणजे स्पीकरचा आवाज गिटारमध्ये परत शिरून ती घुमू लागते. एफ-होलमध्ये फोमचे तुकडे अलगद बसवले तर बराच फरक पडतो आणि ते काढूनही टाकता येतात. आत काही चिकटवू मात्र नका.

ठेवणं

आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हवी. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती ऐंशीच्या वर जाते. फुगलेल्या लाकडाने तारा वर येतात, केसच्या अस्तराला बुरशी धरते आणि खाऱ्या हवेने निकेलच्या कव्हरवर खड्डे पडतात. गिटार केसमध्ये, सोबत छोटा हायग्रोमीटर आणि सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दर पंधरवड्याला तापवून कोरड्या करा आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून एकदा केस उघडून पाहा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याच्या उलट: हवा कोरडी पडते, फिंगरबोर्ड आक्रसून फ्रेटची टोकं बाइंडिंगबाहेर (कडेच्या पट्टीबाहेर) बोचू लागतात. तेव्हा केसमध्ये ओलावा देणारी पिशवी ठेवा.

रबराच्या स्टँडवर किंवा व्हिनाइलच्या पट्ट्यावर टेकवून ठेवू नका. नायट्रोसेल्युलोज त्याच्याशी विरघळून कायमचा डाग पडतो. सिलिकॉन असलेलं पॉलिश नको, सुती कापड पुरे. मूळ केस मिळाली असेल तर टाकू नका. पन्नासच्या दशकातली तपकिरी, आत गुलाबी अस्तराची केस आणि साठच्या दशकातली काळी, पिवळ्या अस्तराची केस वेगळीही विकली जाते. पण बिजागऱ्या ढिल्या असतील तर प्रवासाला नवी केस वापरा. चाव्या, ब्रिज, नॉब, जे काही बदलाल त्याचा मूळ भाग स्क्रूसकट पिशवीत घालून, कुठून आणि कधी काढला ते चिठ्ठीवर लिहून, केसच्या आतल्या कप्प्यात ठेवा.